नाकापासून खांद्यापर्यंत

फ्लोरीन गेली तेव्हा पाणमांजराचं कातडं अर्धंच झालं होतं.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. नदीवरचा बर्फ अजून फुटला नव्हता. सकाळपासून ती तळघरात होती. मिठाच्या आणि आम्लाच्या पाण्यात तीन दिवस मुरलेलं कातडं तिने बाहेर काढलं, निथळवलं, ओंडक्यावर चढवलं आणि आतल्या बाजूने सुरीने तासायला घेतलं. पाणमांजराचं कातडं जाड असतं. तासून पातळ केलं नाही तर कमावल्यावर त्याची फळी होते. नाकापासून सुरुवात करून ती खांद्यापर्यंत आली होती. दोनच्या सुमाराला कॉफी करायला वर आली. मी खिडकीपाशी सापळ्यांच्या साखळ्यांचा गुंता सोडवत बसलो होतो.

"अल्सीद, तुझं हे पाणमांजर आहे की बैल? मान बघ केवढी जाड," असं म्हणून तिने नळ सोडला.

नळ चालूच राहिला. मी वळून बघितलं तर ती जमिनीवर होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिला कळलंही नसेल म्हणाले. त्यांना काय माहीत.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. मी तळघरात गेलो. कातडं ओंडक्यावरच होतं आणि कडेने सुकायला लागलं होतं. ते उचलून मी पुन्हा बादलीत बुडवलं. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी चर्चला निघायच्या आधी मी काळा सूट घालून पुन्हा खाली गेलो आणि पाण्यात कागदाची पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बदलला होता, म्हणजे आम्ल कमी पडलं होतं. मी चमच्याने मोजून आणखी घातलं आणि काठीने ढवळत होतो, तेवढ्यात जिन्यावर नादीन आली. नादीन ही आमची मुलगी. पोर्टलंडला असते.

"पपा, आत्ता?"

"आत्ताच. नाहीतर परवापर्यंत केस सुटतील."

"सुटू देत ना. गाडी सुरू करून ठेवलीय. आईला उशीर होतोय."

"तिला घाई नाही," मी म्हणालो. "आणि केस सुटलेले तिला चालले नसते."

चर्चमध्ये नवीन पाद्री बोलला. चांगला तरुण आहे, पण इथे येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. म्हणाला, फ्लोरीनने घर सांभाळलं, नवऱ्याच्या छंदाला आयुष्यभर साथ दिली, आणि तिच्या हातचे प्लॉय गाव विसरणार नाही. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. प्लॉय म्हणजे आमचे कुट्टूच्या पिठाचे घावन. ते एकाच बाजूने भाजायचे असतात. फ्लोरीन चाळीस वर्षं ते उलटवत राहिली. तिच्या हातचे प्लॉय गाव खरंच विसरणार नव्हतं.

त्याचं मला काही वाटलं नाही. 'नवऱ्याच्या छंदाला साथ' हे शब्द मात्र घशात अडकले. घरी येऊन सूप पुढ्यात आलं तरी ते अडकलेलेच होते.

छंद कुणाचा होता ते सांगतो.

सापळे मी लावतो. वडिलांनी शिकवलं तसे. बीव्हर, मिंक, कोल्हा, पाणमांजर. नियमाप्रमाणे रोज फेरी मारतो, जनावर घरी आणतो, सोलतो. तिथे माझं काम संपतं. पुढचं सगळं फ्लोरीन करायची. चरबी खरवडणं, ओठ आणि कान आतून उकलणं, मीठ, आम्ल, सोडा, तुरटी, तेल. आणि जी जनावरं पेंढा भरून आख्खी उभी करायची त्यांचं सगळं कामही तीच करायची. ती कोल्ह्याची पापणी सुईच्या टोकाने बसवायची तेव्हा मी खोलीत श्वाससुद्धा हळू घ्यायचो. एकदा शिंकलो तर दोन दिवस बोलली नाही.

आमच्या सापळेवाल्यांच्या संघाचा दर ऑगस्टला मेळावा असतो. त्यात कातड्यांची स्पर्धा होते. अर्जावर परवाना क्रमांक लिहावा लागतो. फ्लोरीनकडे परवाना नव्हता, तिने आयुष्यात उंदीरही मारला नाही. पहिल्या वर्षी मी माझा क्रमांक आणि माझं नाव लिहिलं. तिच्या बीव्हरला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली. सांगू म्हटलं, पण कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मिळाली. मग कोणीतरी मला विचारलं, "अल्सीद, ओठ इतके साफ कसे करतोस रे?" आणि मी उत्तर दिलं. फ्लोरीनने मला सांगितलेलं होतं तेच सांगितलं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

अशी एकतीस वर्षं गेली. संघाच्या फलकावर माझं नाव एकतीस वेळा आहे.

ती हसायची. "नाव तुझं, बोटं माझी. मला कुठे मंचावर चढायचंय, गुडघे दुखतात," म्हणायची. मी ते खरं मानलं, कारण मानणं सोयीचं होतं.

शेवटची अकरा वर्षं तर मी मेळाव्यात प्रात्यक्षिकही देत होतो. घरच्या घरी कातडं कसं कमवावं. फ्लोरीन पहिल्या रांगेत बसायची. मी चुकलो की खोकायची. मिठाआधी आम्ल म्हणालो, खोकला. सोडा विसरलो, दोनदा खोकला. लोक तिला खोकल्याच्या गोळ्या द्यायचे. कातडं मऊ करायचा भाग आला की मी फळीच्या कडेवरून ते पुढेमागे ओढायचो आणि म्हणायचो, बघा, कसं कापडासारखं पडतं! लोक खुर्चीतून उठून बघायचे. ते कातडं फ्लोरीनने आदल्या दिवशीच पूर्ण मऊ करून ठेवलेलं असायचं. मी फक्त पाण्याचा हात फिरवून ओलं केल्यासारखं दाखवायचो.

तर ते सूप तसंच ठेवून मी ठरवलं, की हे पाणमांजर मी पुरं करणार आणि मेळाव्यात त्यावर फ्लोरीनचं नाव लावणार.

नादीनला फोनवर सांगितलं.

"पपा, मग आई होती तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा लाज वाटत नव्हती."

"आणि आता?"

"आता वाटते."

ती रडायला लागली. मी फोन धरून उभा राहिलो. मुलीला काय सांगायचं ते नेहमी फ्लोरीनच सांगायची.

मे महिन्यात मी सुरी हातात घेतली. खांद्यापासून पुढचं तासायचं होतं. चाळीस वर्षं बघितलं होतं, वाटलं, जमेल. पहिल्या दहा मिनिटांत सुरी आरपार गेली. भोक शिवलं. टाके असे पडले, की जणू बूट शिवलाय. पुढे आणखी दोन ठिकाणी कापलं. भीतीने मग मी जाडच ठेवायला लागलो. फ्लोरीनच्या भागातून बोटांची सावली दिसायची. माझा भाग पायताणाला चालला असता.

सोडा झाला, तुरटी झाली, तेल झालं. मग खरी परीक्षा. कातडं सुकत जातं तेव्हा एक वेळ येते, ना ओलं ना कोरडं. तेव्हा ओढलं तर पांढरं पडतं. त्याच वेळी ते फळीच्या कडेवर ओढत राहायचं, थांबायचं नाही. ती वेळ चुकली की लाकूड होतं. पहिल्या दिवशी मी वाट बघत बसलो आणि पोस्टमन आला. त्यालाही फ्लोरीन गेल्याचं दुःख व्यक्त करायचं होतं. तो सज्जन माणूस बोलून जाईपर्यंत कातड्याचं पोट कडक झालं. पुन्हा ओलं केलं. दुसऱ्यांदा मी फार लवकर सुरुवात केली आणि दमलो. तिसऱ्यांदा तळहात सोलले गेले. डोकं, मान आणि खांदे मात्र प्रत्येक वेळी पाच मिनिटांत मऊ पडायचे, नुसता हात लावला की झालं. तिथे आलो की मी जरा थांबायचो.

जुलैत एल्डन मिशो अर्ज घेऊन घरी आला. संघाचा अध्यक्ष. आम्ही एकाच शाळेतून एकाच वर्षी पळून गेलेले.

त्याने भरलेला अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "हे काय लिहिलंयस? फ्लोरीन डेगल?"

"तिने केलंय."

"मेलेल्या माणसाला परवाना नसतो, अल्सीद."

"जिवंत होती तेव्हाही नव्हता. तेच तर सांगतोय तुला."

"म्हणजे?"

"म्हणजे एकतीसच्या एकतीस फिती तिच्या."

तो हसला. मी हसलो नाही तेव्हा थांबला. "अरे म्हाताऱ्या, तुला झोप लागत नाही का हल्ली? डोकं फिरलंय तुझं. लोक काय म्हणतील माहितीय? अल्सीद डेगल जन्मभर बायकोच्या जिवावर मिशीला पीळ देत फिरला."

"त्यांना सांग, बरोबर ओळखलंत."

"आणि तू एकदा सुरू केलंस की बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांचं म्हणजे कोणाचं, एल्डन?"

तो आपल्या टोपीकडे बघत बसला. त्याच्या बायकोचं नाव गिल्बर्ट. त्यांच्या बैठकीच्या खोलीत जो लाल कोल्हा आहे, त्याच्या शेपटीचे टाके मी जवळून बघितले होते. एल्डनला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही.

"अर्ज घेणार नाही मी," तो शेवटी म्हणाला. "परवाना क्रमांक नाही, प्रवेश नाही. प्रात्यक्षिक मात्र दे हं, पत्रक छापून झालंय."

"देतो की," मी म्हणालो.

मेळावा बर्फाच्या हॉकीच्या हॉलमध्ये असतो. उन्हाळ्यात तिथे नुसती सिमेंटची फरशी असते. सकाळी नऊला मी पाणमांजर घेऊन गेलो, मधल्या टेबलावर बाकीच्यांच्या ओळीत ठेवलं आणि कार्ड उलटं घातलं. आमच्याकडे सगळीच कार्डं उलटी असतात, परीक्षकाला नावं दिसू नयेत म्हणून. एल्डनने लांबून बघितलं. प्रात्यक्षिकाला दोन तास होते आणि हॉलमध्ये तमाशा नको, म्हणून तो काही बोलला नाही.

अकराला मी मंचावर गेलो. पहिल्या रांगेत नादीन बसली होती, रात्रभर गाडी चालवून आलेली. समोर दीडशेक माणसं. मी फळी मांडली नाही. हातात काहीच घेतलं नाही.

"अकरा वर्षं तुम्हाला इथे मी जे सांगितलं ते फ्लोरीनचं होतं," मी म्हणालो. "मी ओढून दाखवायचो ती कातडी तिने आधीच मऊ केलेली असायची. फिती तिच्या आहेत. मी एकही कातडं कमावलेलं नाही. ह्या वर्षी अर्धं कमावलं आणि ते वाईट झालंय."

मग मागून एकजण ओरडला, "मग मला ओठ उकलायला तूच शिकवलंस ते काय, अल्सीद? माझ्या दोन कोल्ह्यांचे ओठ फाटले!"

"ते मीच शिकवलं. म्हणूनच फाटले."

लोक हसले. मला वाटलं, चला, पोचलं. पण तेवढ्यात एल्डन मंचावर चढला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला.

"मित्रांनो," तो म्हणाला, "बेचाळीस वर्षांचा संसार. ह्या माणसाचं बायकोवर किती प्रेम होतं बघा. आपलं सगळं नाव तिच्या पायाशी ठेवायला निघालाय. फ्लोरीनसाठी टाळ्या होऊन जाऊ द्या."

टाळ्या वाजल्या. बायका डोळे पुसायला लागल्या. ज्याच्या कोल्ह्यांचे ओठ फाटले होते तो येऊन मला मिठी मारून गेला. "होतं असं," म्हणाला, "माझी आई गेली तेव्हा माझे वडीलही असंच काहीबाही बोलायचे."

आयुष्यात मला इतका राग आला नव्हता. त्यांनी मला खोटारडा म्हटलं असतं तर चाललं असतं. त्यांनी मला दुःखी म्हटलं. एकदा दुःखी ठरलं की माणसाने काही सांगावं आणि लोकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवावा.

"अरे, मी खरं सांगतोय!" मी ओरडलो.

"हो हो," एल्डन म्हणाला. "चल, कॉफी घे."

मी कॉफी घेतली नाही. पाणमांजराच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. नादीन येऊन शेजारी उभी राहिली. "पपा, घरी जायचं?" तिने हळूच विचारलं. "नाही," मी म्हणालो.

साडेबाराला परीक्षक आला. हॅस्केल नावाचा दक्षिणेकडचा उंच माणूस, आमच्या फ्रेंचचं एक अक्षर येत नाही, चार वर्षं आमच्याकडे येतोय. प्रात्यक्षिक चालू असताना त्याला बाहेर गाडीत बसवून ठेवतात, कोणाचं बोलणं कानावर पडू नये म्हणून. बाह्या दुमडून तो एकेका कातड्याशी थांबत आला. केसांवर फुंकर मारायचा, कान चिमटीत धरायचा, मग कातडं उलटवून आत अंगठा फिरवायचा. मागे पंधरा-वीस माणसं चालत होती, त्यात एल्डन आणि गिल्बर्टही होते.

पाणमांजराशी आला. फुंकर मारली. नाक बघितलं, ओठ बघितले, मान डोलावली. मग आत हात घालून त्याने अंगठा मानेवरून खाली आणला. खांद्याशी अंगठा थांबला. तो पुन्हा वर नेला, पुन्हा खाली आणला. पुन्हा तिथेच थांबला.

"हे दोघांनी केलंय," तो म्हणाला.

त्याने अंगठा पुन्हा खांद्याशी टेकवला.

"इथपर्यंतचा हात मला माहीत आहे. चार वर्षं ह्याच हाताला मी पहिला नंबर देतोय. कडेला पातळ करत नेतो आणि काखेत सुरी आडवी धरतो, असं दुसरं कोणी करत नाही." त्याने कातडं उजेडाकडे धरलं. "पण हे खालचं कुणी केलंय? हे टाके? एखाद्या शिकाऊ माणसाला का दिलंत इतकं चांगलं जनावर?"

"मी केलंय," मी म्हणालो.

"आणि वरचं?"

"माझ्या बायकोने."

"कुठे आहेत त्या? मला भेटायचंय."

नादीनने सांगितलं. हॅस्केलने टोपी काढली आणि कातडं दोन्ही हातांनी, पाणी सांडू नये तसं खाली ठेवलं.

मागे कुजबुज सुरू झाली. मी एल्डनकडे वळलो. "झालं का दुःख माझं? की अजून टाळ्या वाजवायच्यात?"

एल्डनचे कान लाल झाले होते. "तरी परवाना क्रमांक नाही," तो म्हणाला. "नियम आहे तो, मी बनवलेला नाही. फीत मिळणार नाही, अल्सीद."

"फीत मागितली कोणी?"

"मग हे टेबलावर राहू शकत नाही."

"मग उचल. पण आधी कार्ड सरळ कर आणि वाच. मोठ्याने."

"नाटकं पुरे कर."

"वाच रे," गिल्बर्ट मागून म्हणाली. "वाचता येतं ना? का तेही मीच करू?"

काहीजण हसले. एल्डन बायकोकडे बघत राहिला. ती हाताची घडी घालून उभी होती आणि तिने नजर वळवली नाही. शेवटी त्याने कार्ड सरळ केलं, चष्मा लावला आणि वाचलं. आवाज बारीक निघाला, पण हॉल एवढा शांत होता, की शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं.

"फ्लोरीन डेगल, नाकापासून खांद्यापर्यंत. अल्सीद डेगल, तिथून शेपटीपर्यंत."

तो कार्ड हातात धरून उभा राहिला. ते खिशात घालावं की फाडावं, ते त्याला ठरवता येईना. मी कातड्यावर हात ठेवून उभा राहिलो, तिच्या भागावर. गिल्बर्ट पुढे आली, माझ्या हाताशेजारून तिने आत अंगठा घातला आणि सावकाश खाली आणला. रेषेशी थांबली.

"इथे?"

"इथे," मी म्हणालो.

मग एकामागून एक माणसं पुढे येऊ लागली.